पॅकेजच्या विन्येटमधून चालणारा कोड कसा काढायचा: आर वापरणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेचे नवे पॅकेज (तयार फंक्शनांचा संच) शिकायचे म्हटले की बहुतेकजण आधी त्याचे विन्येट, म्हणजे पॅकेजसोबत येणारा कोडसहित मार्गदर्शक लेख, उघडतात. वाचता वाचता कोडचा एकेक तुकडा कॉपी करून कन्सोलमध्ये चिकटवतात. पाच-सहा तुकड्यांपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि मग आर सांगतो, अमुक नावाचे ऑब्जेक्ट सापडले नाही. चूक वाचणाऱ्याची नसते. ते ऑब्जेक्ट ज्या तुकड्यात तयार झाले, तो तुकडा लेखकाने पानावर दाखवलेलाच नसतो. एको किंवा इन्क्लूड या पर्यायाला फॉल्स दिले की कोड चालतो, पण छापला जात नाही. डेटा वाचणे, लायब्ररी चढवणे, आलेखांचा आकार ठरवणे अशी कामे बहुधा अशाच लपलेल्या तुकड्यांत असतात.

म्हणून पानावरून कॉपी करण्यापेक्षा मूळ दस्तऐवजातून सगळा कोड एका स्क्रिप्टमध्ये काढून घेणे केव्हाही चांगले. लपलेले तुकडेही त्यात येतात. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी: काढलेली स्क्रिप्ट आणि विणलेला लेख (कोड चालवून, त्याच्या उत्तरांसकट तयार झालेले पान) यांत तोच कोड, त्याच क्रमाने, त्याच अटींवर चालतो असे नाही. पुढच्या पायऱ्यांतला बराचसा भाग याच फरकाबद्दल आहे.

कमांडांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे लागतील. जिथे घोटाळा होऊ शकतो तिथे अक्षरे फोडून सांगितली आहेत.

थोडी पार्श्वभूमी

लेख आणि प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये लिहायचा, हा विचार डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये मांडला आणि त्याला लिटरेट प्रोग्रॅमिंग हे नाव दिले. त्यांच्या वेब नावाच्या प्रणालीत दोन साधने होती. वीव्ह छापण्याजोगा दस्तऐवज विणून द्यायचे, टँगल मशीनला देण्याजोगा पास्कल कोड काढून द्यायचे. टँगलचे पास्कल माणसाने वाचावे अशी अपेक्षाच नव्हती. टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम असाच लिहिलेला आहे, आणि टेक लाइव्ह बांधताना आजही आधी टँगल चालते आणि निघालेल्या पास्कलचे नंतर सी भाषेत रूपांतर होते.

१९८९ मध्ये नॉर्मन रॅमझी यांनी कोणत्याही भाषेला चालेल असे सुटसुटीत नोवेब केले. फ्रीडरिश लाइश यांनी २००२ मध्ये नोवेबचीच चिन्हे वापरून आरसाठी स्वीव्ह मांडले, आणि यिहुई शी यांचे निटर २०१२ मध्ये क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजांच्या अधिकृत भांडारात, आले. पुढच्याच वर्षी आर ३.०.० ने स्वीव्हखेरीज इतर इंजिनांची (लेख विणणाऱ्या साधनांची) विन्येटही पॅकेजमध्ये चालू दिली. तेव्हापासून मार्कडाउनमधली (साध्या खुणांनी मजकूर लिहायच्या पद्धतीतली) विन्येट झपाट्याने वाढली. आज तुमच्यासमोर येणारी फाइल बहुधा निटरची असेल, जुन्या पॅकेजांत मात्र स्वीव्ह अजून भरपूर सापडते.

पायरी १: स्क्रिप्ट आधीच तयार आहे का, ते पाहा

ही पायरी बरेचजण गाळतात. पॅकेजचा लेखक आर सीएमडी बिल्ड चालवतो, तेव्हा आर विन्येट विणतोच, शिवाय त्यातला कोडही काढून ठेवतो. पॅकेज तुमच्या संगणकावर बसले की ही फाइल त्या पॅकेजच्या डॉक फोल्डरमध्ये असते: एक मूळ दस्तऐवज, एक पीडीएफ किंवा एचटीएमएल, आणि त्याच नावाची, शेवटी डॉट आणि कॅपिटल आर असलेली स्क्रिप्ट.

तिथे जायचे तीन रस्ते आहेत. ब्राउझविन्येट्स हे फंक्शन पॅकेजचे नाव देऊन बोलवा. ब्राउझरमध्ये यादी उघडते आणि प्रत्येक विन्येटसमोर लेख, मूळ फाइल आणि आर कोड यांचे दुवे दिसतात. या नावात व्ही कॅपिटल आहे, तो चुकला तर फंक्शन सापडणार नाही. दुसरा रस्ता, विन्येट फंक्शनला विन्येटचे आणि पॅकेजचे नाव द्या आणि जे हाती येईल ते एडिट फंक्शनमध्ये घाला. कोड थेट संपादकात उघडतो. तिसरा रस्ता, सिस्टिम-डॉट-फाइलला डॉक हे नाव आणि पॅकेज सांगून फोल्डरचा पत्ता मिळवा आणि लिस्ट-डॉट-फाइल्सने आत काय आहे ते पाहा. मला हा तिसरा आवडतो, कारण त्यात काहीच झाकलेले राहत नाही.

सरावासाठी ग्रिड हे पॅकेज घ्या. ते आरसोबतच येते, त्यामुळे इंटरनेट लागत नाही, आणि त्याची विन्येट स्वीव्हमध्ये आहेत. ग्रिडच्या डॉक फोल्डरमधली स्क्रिप्ट फाइल-डॉट-कॉपीने आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये आणा आणि तिथेच बदल करा. लायब्ररीच्या फोल्डरमधली मूळ प्रत बदलू नका; पॅकेज अद्ययावत झाले की तुमचे बदल पुसले जातील.

डॉक फोल्डर रिकामे दिसले तर पॅकेज कुठून आणले ते आठवा. रिमोट्स पॅकेजातल्या इन्स्टॉल-गिटहबने थेट गिटहबवरून घेतले असेल, तर विन्येट बांधलीच जात नाहीत, कारण तिथे बिल्ड-विन्येट्स हा पर्याय मुळात फॉल्स असतो. तो ट्रू करून पुन्हा बसवा, किंवा पुढची पायरी घ्या. क्रॅनवरच्या पॅकेजच्या पानावरही विन्येटच्या ओळीत मूळ फाइल आणि आर कोड यांचे दुवे असतात. पॅकेज न बसवता नुसता कोड वाचायचा असेल तर तेवढे पुरते.

पायरी २: मूळ दस्तऐवज आणि त्याचे इंजिन ओळखा

तयार स्क्रिप्ट नसेल, अर्धवट असेल किंवा तुम्हाला तुमच्या अटींवर कोड काढायचा असेल, तर मूळ फाइल लागते. डाउनलोड-डॉट-पॅकेजेस या फंक्शनला टाइप म्हणून सोर्स सांगा, आलेली फाइल अनटारने उघडा आणि आतल्या विन्येट्स फोल्डरमध्ये जा.

तिथली फाइल साध्या संपादकात उघडून सुरुवातीच्या ओळी वाचा. विन्येटइंजिन असा शब्द असलेली ओळ सापडेल. निटर-रमार्कडाउन असे लिहिले असेल तर मार्कडाउन, आणि अशी ओळच नसेल तर स्वीव्ह. आरएमडी एक्स्टेन्शन म्हणजे मार्कडाउन, हे बरोबरच आहे. पण आरएनडब्ल्यू एक्स्टेन्शनवरून लगेच निष्कर्ष काढू नका. ते स्वीव्हचे असू शकते आणि निटरचेही, आणि चुकीच्या साधनाने कोड काढला तर पर्यायांचे अर्थ बदलतात.

इंजिनाच्या नावापुढे नोटँगल असा शब्द जोडलेला असेल तर लेखकाने कोड काढून ठेवायचा नाही असे ठरवले आहे. डॉक फोल्डरमध्ये स्क्रिप्ट का नव्हती, याचे उत्तर मग तिथेच मिळते. तुम्ही स्वतः कोड काढायला काहीच हरकत नाही.

पायरी ३: कोड काढा

आधी आर नव्याने सुरू करा. जुन्या सत्रातली ऑब्जेक्ट पडलेली असतील तर काढलेला कोडच वेगळा येऊ शकतो. कसे ते चौथ्या पायरीत येईल.

स्वीव्हची फाइल असेल तर आरच्या यूटिल्स पॅकेजातले स्टँगल वापरा. पहिले एस कॅपिटल, बाकी अक्षरे लहान. कंसात फाइलचे नाव दिले की त्याच नावाची स्क्रिप्ट चालू फोल्डरमध्ये तयार होते. टर्मिनलमधून करायचे असेल तर आर सीएमडी स्टँगल आणि पुढे फाइलचे नाव. उपयोगी पर्याय दोनच. स्प्लिट ट्रू केले तर प्रत्येक तुकडा स्वतंत्र फाइलमध्ये पडतो. शिकवण्यासाठी हे फार सोयीचे. ड्रॉप-डॉट-इव्हॅलफॉल्स ट्रू केले तर जे तुकडे चालवायचे नाहीत असे लेखकाने सांगितले आहे ते गाळले जातात, नाहीतर ते टिप्पणी म्हणून राहतात. मी ते राहू देतो. लेखकाने काय थांबवले आहे, हे दिसलेले बरे.

निटरची फाइल असेल तर निटर पॅकेजातले पर्ल बोलवा. अक्षरे पी, यू, आर, एल. पर्ल नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेशी त्याचा संबंध नाही. इथला महत्त्वाचा पर्याय डॉक्युमेंटेशन. त्याला शून्य दिले तर नुसता कोड येतो. एक दिले, किंवा काहीच दिले नाही, तर प्रत्येक तुकड्याआधी त्याच्या नावाची आणि पर्यायांची एक टिप्पणी-ओळ येते. दोन दिले तर लेखातला सगळा मजकूर टिप्पण्यांच्या रूपात सोबत येतो.

शून्याच्या मोहात पडू नका. स्क्रिप्ट सुबक दिसते, पण शंभराव्या ओळीवर अडली की ती लेखातल्या कुठल्या परिच्छेदाखालची हे कळायला मार्ग राहत नाही. तुकड्याचे नाव समोर असेल तर मूळ फाइलमध्ये ते शोधून थेट तिथे पोचता येते. मराठीतून टिपणे लिहून विद्यार्थ्यांना देणाऱ्या शिक्षकांना दोन हा आकडा विशेष उपयोगी पडेल, कारण देवनागरी मजकूर टिप्पण्यांत जसाच्या तसा उतरतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली हवी, एवढीच अट. विंडोजवर आर ४.२ च्या आधीची आवृत्ती असेल तर कन्सोलमध्ये देवनागरीची दाणादाण होऊ शकते. नवी आवृत्ती घेणे हाच सोपा उपाय. स्वीव्हच्या फाइलला एन्कोडिंग वेगळे सांगावे लागते. स्वीव्हयूटीएफ८ अशी टिप्पणी-ओळ फाइलमध्ये घातली की काम होते.

पर्ल आणि स्टँगल दोघेही चालू फोल्डरमध्ये लिहितात आणि त्या नावाची स्क्रिप्ट तिथे आधीच असेल तर न विचारता तिच्यावरच लिहितात. काल सुधारलेली स्क्रिप्ट आज पुन्हा कोड काढताना जाऊ नये म्हणून आउटपुटचे नाव स्वतः द्या.

इंजिन कोणते याची खात्री नसेल किंवा ते या दोहोंपैकी नसेल, तर टूल्स पॅकेजातले बिल्डविन्येट वापरा, वीव्ह फॉल्स आणि टँगल ट्रू सांगून. फाइलमध्ये लिहिलेले इंजिन ते स्वतः शोधते आणि त्या इंजिनाचेच कोड काढायचे साधन चालवते. ते इंजिन देणारे पॅकेज मात्र तुमच्याकडे बसलेले हवे.

पायरी ४: चालवण्याआधी वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्क्रिप्ट उघडा, शेजारी मूळ दस्तऐवज उघडा आणि पुढच्या जागा तपासा.

टिप्पणीत गेलेले तुकडे आधी पाहा. तुकड्याच्या डोक्यावर इव्हॅल (तुकडा चालवायचा की नाही हे ठरवणारा पर्याय) फॉल्स असेल तर त्याच्या प्रत्येक ओळीपुढे हॅशची चिन्हे लागतात. पॅकेज कसे बसवावे, मोठी फाइल कशी उतरवावी असे दाखवण्यापुरते दिलेले तुकडे यात असतात. ते तसेच राहू द्या आणि लागेल तो हाताने उघडा.

आता उलट बाजू, आणि ही जास्त धोक्याची. पुष्कळ लेखक पहिल्याच तुकड्यात ऑप्ट्स-चंकच्या सेटने सगळ्या दस्तऐवजासाठी इव्हॅल फॉल्स करून ठेवतात. लेख विणताना तो पहिला तुकडा चालतो आणि पुढचे सगळे थांबतात. पर्ल मात्र तुकडे चालवत नाही, फक्त उचलते. त्यामुळे ती सूचना अमलात येतच नाही आणि लेखात केवळ दाखवायला ठेवलेला कोड स्क्रिप्टमध्ये जिवंत उतरतो. त्यात पॅकेज बसवण्याची ओळ असू शकते, एखाद्या सेवेला विनंत्या पाठवणारा लूप असू शकतो, डेटाबेसमध्ये लिहिणारी किंवा फाइल पुसणारी कमांडही असू शकते. स्क्रिप्ट उघडून न वाचता सोर्स या फंक्शनने (ते सगळी फाइल एकदम चालवते) चालवू नका म्हणतो ते यासाठी. पहिल्या तुकड्यात असे काही सापडले तर पुढचा प्रत्येक तुकडा चालवण्याजोगा आहे की नाही ते तुम्हीच ठरवायचे.

तिसरी जागा अटींची. इव्हॅलला ट्रू-फॉल्सऐवजी एखादी अट दिलेली असते, आणि ही अट पर्ल खरोखर तपासून पाहते. सर्रास दिसणारी अट म्हणजे नॉट-क्रॅन नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ट्रू आहे का. वेळखाऊ कोड क्रॅनच्या यंत्रांवर चालू नये म्हणून लेखक ती घालतात. तुमच्याकडे तो व्हेरिएबल नसेल तर तुकडा टिप्पणीत जातो. अर्धी स्क्रिप्ट हॅशने भरलेली दिसली तर आधी हेच कारण तपासा. सिस-डॉट-सेटएनव्हीने नॉट-क्रॅनला ट्रू द्या, ट्रूची चारही अक्षरे लहान, आणि पर्ल पुन्हा चालवा.

अट दस्तऐवजातच तयार होणाऱ्या व्हेरिएबलवर अवलंबून असेल तर प्रकरण आणखी नाजूक होते. समजा वरच्या तुकड्यात एखादे पॅकेज उपलब्ध आहे का ते तपासून उत्तर एका नावात ठेवले आणि खालच्या तुकड्यांना इव्हॅल म्हणून तेच नाव दिले. पर्लच्या वेळी वरचा तुकडा चाललेला नसल्याने ते नाव अस्तित्वातच नसते. अशा वेळी निटर तो तुकडा स्क्रिप्टमधून वगळतो, टिप्पणीतही ठेवत नाही. तुमच्या सत्रात योगायोगाने त्याच नावाचे काही पडले असेल तर मात्र तेच वापरले जाते. एकाच फाइलमधून दोन दिवशी दोन वेगळ्या स्क्रिप्ट निघू शकतात त्या अशा. आर नव्याने सुरू करायला सांगितले त्याचे हे कारण. गळलेले तुकडे पकडायला सोपा मार्ग: मूळ फाइलमधले तुकडे मोजा, स्क्रिप्टमधल्या शीर्षक-ओळी मोजा आणि आकडे जुळतात का पाहा.

चौथे, वाक्यांच्या मधला कोड. मार्कडाउनमध्ये उलट्या अवतरणचिन्हांत आणि स्वीव्हमध्ये एस-एक्स्प्र या कमांडमध्ये छोटी गणिते लिहिलेली असतात, सरासरी अमुक आली असे वाक्यात छापण्यासाठी. ती स्क्रिप्टमध्ये येत नाहीत. बहुतेक वेळा त्याने बिघडत नाही. पण कोणी तिथेच एखादे मूल्य नावात साठवले असेल आणि खालचा तुकडा ते वापरत असेल, तर लेख नीट विणला जातो आणि स्क्रिप्ट मात्र मोडते. निटरमध्ये ऑप्शन्समधला निटर-डॉट-पर्ल-डॉट-इनलाइन ट्रू केला की हे तुकडेही येतात.

दुसऱ्या भाषांचे तुकडे, म्हणजे पायथन, एसक्यूएल, बॅश, टिप्पणीत जातात. रेटिक्युलेट या आरमधून पायथन चालवणाऱ्या पॅकेजच्या आधाराने आर आणि पायथन आलटून पालटून वापरणारे विन्येट असेल तर काढलेली आर स्क्रिप्ट एकटी चालणारच नाही. त्यासाठी मूळ दस्तऐवजच चालवावा.

आणि कधी कधी पर्ल चालवल्यावर स्क्रिप्ट जवळपास रिकामीच येते, लेखात कोड भरपूर दिसत असूनही. मूळ फाइलमध्ये तुकड्यांची सुरुवात पाहा. तीन उलट्या अवतरणचिन्हांपुढे महिरपी कंसातला आर असेल तर तो चालणारा तुकडा. कंस नसताना नुसता आर असेल तर तो फक्त रंगवून दाखवलेला मजकूर आहे. वेळखाऊ किंवा इंटरनेटवर अवलंबून असलेली विन्येट लेखक आपल्या संगणकावर आधीच विणून ठेवतात आणि तो विणलेला मार्कडाउनच पॅकेजमध्ये घालतात. खरा मूळ दस्तऐवज नावाच्या शेवटी डॉट ओरिज लावून शेजारी ठेवायची पद्धत आहे. तो पॅकेजच्या गठ्ठ्यात नसला तरी प्रकल्पाच्या गिट भांडारात सापडू शकतो. पर्ल त्या फाइलवर चालवा.

जोडलेल्या उपफाइली आणि रीड-चंकने बाहेरून आणलेला कोड यांची निटर बऱ्यापैकी काळजी घेते, फक्त त्या फाइली आपापल्या जागी असल्या पाहिजेत. म्हणून विन्येटची एकच फाइल उचलून आणण्यापेक्षा सगळे फोल्डर आणा.

पायरी ५: भोवतालची तयारी

विन्येट विणले जाते तेव्हा कामाचे फोल्डर म्हणजे ते विन्येट जिथे आहे तेच फोल्डर असते. डेटाच्या फाइली तिथेच असतात आणि कोडमध्ये नुसती नावे लिहिलेली असतात. तुमची स्क्रिप्ट दुसरीकडे असेल तर पहिल्याच वाचनाला अडेल. सोपा उपाय, विन्येट्स फोल्डरमध्येच बसून चालवा. डेटा-टेबल पॅकेजचे परिचयाचे विन्येट या बाबतीत पाहण्यासारखे आहे: २०१४ च्या विमानफेऱ्यांची फाइल शेजारी असेल तर ती घ्या, नसेल तर भांडारातून इंटरनेटवरून वाचा, असे त्यांनी कोडमध्येच लिहून ठेवले आहे. म्हणून काढलेली स्क्रिप्ट कुठूनही चालते. विन्येट लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी.

विन्येटला लागणारी पॅकेजे बऱ्याचदा डिस्क्रिप्शन फाइलच्या सजेस्ट्स यादीत असतात, इम्पोर्ट्समध्ये नसतात, आणि साध्या इन्स्टॉलने ती येत नाहीत. इन्स्टॉल करताना डिपेंडन्सीज ट्रू द्या.

पायरी ६: तपासा, मग चालवा

पहिली तपासणी न चालवता होते. पार्स फंक्शनला स्क्रिप्टची फाइल द्या. व्याकरणाची चूक असेल तर ओळीसकट सांगेल. विन्येटमध्ये समजावण्यासाठी लिहिलेला अर्धवट कोड जिवंत उतरला असेल तर तो इथेच सापडतो.

मग टर्मिनलमधून आरस्क्रिप्ट, पुढे व्हॅनिला हा पर्याय आणि फाइलचे नाव. व्हॅनिलामुळे तुमच्या खासगी सेटिंग्ज आणि साठवलेले सत्र बाजूला राहते. पण सेटिंग्ज फाइलमध्ये ठेवलेले नॉट-क्रॅनसारखे व्हेरिएबलही मग वाचले जात नाहीत, ते वेगळे द्यावे लागतात. आलेख आरप्लॉट्स नावाच्या पीडीएफमध्ये जमा होतात, पडद्यावर दिसत नाहीत. काही झालेच नाही असे समजू नका.

कन्सोलमधून सोर्सने चालवणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. लेखात नुसते ऑब्जेक्टचे नाव लिहिले की तक्ता छापला जातो. सोर्स तसे आपोआप छापत नाही, त्यामुळे तक्ते गायब होतात आणि जीजीप्लॉटचे आलेखही उमटत नाहीत. एको ट्रू दिले की दोन्ही परत येतात.

काही विन्येट चूक कशी दिसते हे मुद्दाम दाखवतात. एरर पर्याय ट्रू असल्याने लेख पुढे विणला जातो, आरस्क्रिप्ट मात्र पहिल्या चुकीवर थांबते. त्या शीर्षक-ओळीखालचा कोड ट्रायमध्ये (चूक झाली तरी पुढे जाऊ देणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळलेला नसेल तर स्वतः गुंडाळा.

शेवटी आलेले आकडे छापील लेखाशी ताडून पाहा. थोडा फरक दिसला तर सेट-डॉट-सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारे फंक्शन) लपलेल्या तुकड्यात आहे का आणि पॅकेजची आवृत्ती तीच आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारा. पॅकेजच्या आर सीएमडी चेकमध्ये विन्येटचा कोड चालवण्याची आणि विन्येट नव्याने बांधण्याची अशा दोन वेगळ्या पायऱ्या असतात. त्या दोन्ही सुखरूप पार पडल्या असल्या, तरी तुमच्या संगणकावर तुमच्या अटींवर काढलेल्या स्क्रिप्टची हमी त्यातून मिळत नाही.

पॅकेजच लिटरेट दस्तऐवजात लिहिलेले असेल तर

वरचे सगळे विन्येटबद्दल झाले. काही पॅकेजांत खुद्द पॅकेजचा कोडच लेखाच्या पोटात असतो. जगण्याच्या कालावधीचे विश्लेषण करणारे सर्व्हायव्हल हे पॅकेज आरसोबत येते आणि वैद्यकीय संशोधनात जगभर वापरले जाते. त्याचे कर्ते टेरी थर्नो यांनी त्यातला बराच भाग नोवेबमध्ये लिहिला आहे. सूत्र कसे आले, अमुक लूप असाच का, हे गद्यात आणि लगेच खाली कोड. पॅकेजच्या काही आर फाइलींच्या माथ्यावर ही फाइल नोवेब फोल्डरमधून आपोआप तयार झाली आहे अशी टिप्पणी दिसते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते फोल्डर जरूर उघडावे. तिथे जे समजावलेले आहे ते निव्वळ कोड वाचून कळणे कठीण.

इथे तुकड्यांना नावे असतात आणि एका तुकड्यात दुसऱ्याचे नाव लिहिले की तो तिथे उलगडतो. म्हणजे लेखातला क्रम आणि प्रोग्रॅममधला क्रम वेगळा असू शकतो. वरून खाली सगळा कोड उचलणारे साधन इथे चालत नाही. नोटँगल ही कमांड घ्या, कॅपिटल आरच्या पर्यायापुढे मुळाच्या तुकड्याचे नाव द्या. ते नाव धरून आतले सगळे तुकडे योग्य जागी बसवून ती कोड देते. नोटँगल बसवायचे नसेल तर थर्नो यांचे नोवेब नावाचेच आर पॅकेज क्रॅनवर आहे.

अशा पॅकेजात चूक सापडली तर दुरुस्ती दस्तऐवजात करा. तयार झालेल्या आर फाइलमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी कोड काढताना हरवते, आणि ती का केली हे सांगणारा परिच्छेदही लिहिला जात नाही.

तुम्ही स्वतः विन्येट लिहीत असाल तर

चौथ्या पायरीतल्या बहुतेक अडचणी लेखक आधीच टाळू शकतो. इव्हॅल फॉल्स सगळ्या दस्तऐवजाला एकदम लावू नका, ज्या तुकड्याला हवे त्याच्याच डोक्यावर लिहा. वाक्यांमधल्या कोडमध्ये काही साठवू नका. वाचकाला उपयोग नसलेल्या तुकड्यांना, उदाहरणार्थ लेखाच्या मांडणीपुरत्या सेटिंग्जना, पर्ल हा पर्याय फॉल्स द्या. ते स्क्रिप्टमध्ये येणार नाहीत. डेटा पॅकेजच्या एक्स्टडेटा फोल्डरमध्ये ठेवा आणि सिस्टिम-डॉट-फाइलने वाचा, म्हणजे पत्ता कुठूनही बरोबर लागतो.

सगळ्या दस्तऐवजाचा पर्याय बदलल्याशिवाय भागतच नसेल, तर निटरमध्ये हुक-पर्ल आहे (हुक म्हणजे तुकड्यासोबत आपोआप चालणारे फंक्शन). दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. पहिल्या तुकड्यात निट-हुक्सच्या सेटने पर्ल या पर्यायाला हे हुक जोडा. मग लेख विणला जात असतानाच स्क्रिप्ट लिहिली जाते. त्या क्षणी लागू असलेले पर्याय आणि रीड-चंकने खरोखर आणलेला कोड, दोन्ही त्यात बरोबर उतरतात. कॅश (आधीची उत्तरे साठवून पुन्हा वापरण्याचा पर्याय) ट्रू असेल तर हुक चालत नाहीत आणि स्क्रिप्टमध्ये तुकडे येत नाहीत. तिथे कॅशला ट्रूऐवजी दोन हा आकडा द्या.